आगु

आमच्याकडे वर्षातून एकदा माग आंघोळ करायचा.
खंडेनवमीच्या पहाटे नाना मेन स्विच खाली ओढायचे
आणि दाजी पेठेतला आमचा बोळ
इतका शांत व्हायचा
की शेजारच्या इरबत्तींचं भांडण
शब्दाशब्दानं कळायचं.
एरवी आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो.
कॉलेजात मुली विचारायच्या,
रागावलीस का गं?

रॉकेलच्या चिंधीनं धोटा पुसायचा मान नरसूचा,
फणीतला वर्षभराचा कापूस उपसायचं काम माझं.
लाल, पोपटी, जांभळ्या टॉवेलांचा मिळून
पुंजका निघायचा एकाच रंगाचा,
उंदराच्या.

मग हळदीकुंकू, झेंडू, चाकाखाली लिंबू,
आणि नारळाआधी ती रीत
जी फक्त आम्हा चिलवेरींच्या घरात होती:
नाना ताण्यातला एकेक धागा मुद्दाम तोडायचे
आणि एकेकाला पुढे बोलवायचे.
गाठ मारा.
फणीच्या दातांतून न अडकता गेली तर जेवायला बसा,
अडकली तर पुन्हा.
आमचे भावजी मंगळवेढ्याचे, गणिताचे मास्तर,
पहिल्या दसऱ्याला पाऊण तास उभे होते घाम पुसत.
बक्षालु गार झाले,
पण कुणाची टाप नव्हती ताटाला हात लावायची.

"आगु," नाना म्हणायचे.
आगु म्हणजे थांब.
"आधी माग थांबव, मग टोक शोध.
चालत्या मागात हात घालणाऱ्याची
बोटं मोजायला सोपी जातात."
आणि डावा हात वर धरायचे.
साडेचार.

अम्माची कात्री त्या पूजेत कधीच नसायची.
नानांच्या मते ते हत्यार नव्हे,
विड्या म्हणजे फावल्या वेळेतलं काम.
फावल्या वेळेत ती रोज हजार वळायची.
कारखान्यात शंभरेक छाटून परत मिळायच्या,
त्या उसवून पुन्हा वळायची,
आणि त्या दिवशी भाजीत तिखट जास्त पडायचं,
एवढीच तक्रार.

आता मी सहकारी बँकेत कॅशला बसते.
संध्याकाळी पाचशे रुपये कमी भरतात,
मागे मॅनेजरच्या खुर्चीची करकर,
तेव्हा मी हात टेबलावर पालथे ठेवते.
आगु.
बहुतेक वेळा टोक सापडतं.
एकदा थांबले नाही.
एका पेन्शनवाल्या आजोबांवर ओरडले,
अगदी मागावरच्या आवाजात,
आणि पाचशेची नोट माझ्याच ड्रॉवरच्या फटीत होती.
ते पुन्हा आले नाहीत.
त्यांचा खाते क्रमांक मला अजून पाठ आहे.

माग गेल्या वर्षी किलोवर गेला.
हमालांनी तो तीन तुकड्यांत नेला,
फरशीवर राहिली बोल्टांची चार भोकं
आणि तेलाचा एक डाग, जो फिनेलला दाद देत नाही.
नवमीला नाना सवयीनं चारलाच उठले.
अंगणात गेले, आत आले,
मेन स्विचपाशी उभे राहिले, तो ओढला नाही,
फ्रीजमध्ये दूध होतं.

अम्मानं काही विचारलं नाही.
पाट मांडला, बरोबर त्या चार भोकांवर,
कात्री चिंचेनं घासून ठेवली,
पानं कापायचा पत्र्याचा तुकडा, सूप.
नरसूनं स्कूटरची किल्ली ठेवली,
मी नोटा मोजायची रबरी टोपी.
भावजींनी खडू आणला होता. हसलो सगळे.

नाना बराच वेळ पाहत होते.
मग सुपातला विड्या बांधायचा दोरा उचलला
आणि कट्कन तोडला.
सगळ्यांच्या गाठी झाल्या, भावजींची सुद्धा.
शेवटी त्यांची.
दोरा मागाच्या धाग्याहून बारीक,
साडेचार बोटांतून दोनदा निसटला.
अम्मानं हात पुढे केला नाही,
नुसतं म्हणाली, "आगु. उजेडात घ्या."

फणी नव्हतीच,
तेव्हा कुणाची गाठ पास, कुणाची नापास
ते कळायला मार्ग नव्हता.
जेवून घेतलं.

नाना अजून ओरडूनच बोलतात.
मीठ मागतात तरी इरबत्ती खिडकीतून डोकावतात.
अम्मा म्हणते, असू दे,
माग बंद झाला हे त्यांच्या घशाला
अजून कुणी सांगितलेलं नाही.